प्रवासातील एकांत आणि सुरांची सोबत

व्यापारानिमित्त एकट्याने परगावी जाणाऱ्या माणसाचा दिवस भेटीगाठी, मालाची पारख आणि देण्याघेण्याची बोलणी यांत सरतो. परंतु प्रवासाचे तास आणि मुक्कामाची रात्र रिकामी असते. अशा वेळी ओळखीचे सूर कानी पडले, तर परका प्रदेशही काहीसा आपलासा वाटतो. आज खिशातील मोबाइलमुळे ही सोबत सहज लाभते. तिचा मार्ग मात्र एका सत्तर वर्षांच्या उद्योजकाच्या गरजेतून खुला झाला.

मासारू इबुका आणि अकिओ मोरिता यांनी १९४६ मध्ये टोकियोत स्थापन केलेली कंपनी पुढे सोनी या नावाने जगप्रसिद्ध झाली. मोरिता हे पिढीजात मद्यनिर्मितीचा व्यवसाय असलेल्या घराण्याचे थोरले चिरंजीव. घरची गादी सोडून ते या नव्या उद्योगात उतरले होते. इबुका यांना परदेशी दौऱ्यांत विमानात संगीत ऐकण्याची आवड होती. त्यासाठी कंपनीचाच टेपरेकॉर्डर ते सोबत नेत. पण तो जड होता. पत्रकारांसाठी बनवलेल्या ‘प्रेसमन’ या छोट्या यंत्रातून ध्वनिमुद्रणाची सोय काढून केवळ संगीत ऐकवणारे स्टिरिओ यंत्र तयार करावे, असे त्यांनी सहकारी नोरिओ ओगा यांना सुचवले. ओगा स्वतः शिक्षित गायक होते.

यंत्र सिद्ध झाले. त्यासोबतचे हेडफोनही अवघ्या ५० ग्रॅमच्या आसपास वजनाचे होते. तरीही, ज्यात ध्वनिमुद्रण होत नाही असे यंत्र कोण विकत घेणार, ही शंका कंपनीतच व्यक्त झाली. मोरिता मात्र ठाम राहिले. १ जुलै १९७९ रोजी ‘वॉकमन’ जपानच्या बाजारात आला. किंमत ३३,००० येन आणि पहिली खेप ३०,००० नगांची. जुलैत जेमतेम ३,००० नग खपले. तेव्हा कंपनीची माणसे तो घेऊन टोकियोच्या रस्त्यांवर आणि आगगाड्यांत फिरू लागली. येणाऱ्याजाणाऱ्यांच्या कानांवर हेडफोन ठेवू लागली. ऑगस्टअखेर सारी खेप संपली.

या कथेत व्यापाराइतकाच संसाराचाही धडा आहे. मोरिता यांनी नमुन्याचे यंत्र घरी नेले, तेव्हा ते एकटेच ऐकत बसल्याने पत्नीला आपण दूर सारलो गेल्यासारखे वाटले. एकट्याने ऐकणे हे असभ्यपणाचे ठरेल, असे मोरिता यांच्याही मनात आले. म्हणून पहिल्या वॉकमनला दोन हेडफोनांची सोय ठेवण्यात आली आणि संगीत मंद करून परस्परांशी बोलता यावे म्हणून एक नारिंगी कळही बसवण्यात आली. ग्राहकांनी मात्र हे यंत्र स्वतःपुरतेच मानले.

मोरितांच्या पत्नीची तक्रार आजही अनेक घरांतून ऐकू येते. परगावच्या एकाकी रात्री जे सूर आधार देतात, तेच जेवणाच्या पंगतीत कानांत राहिले, तर घरच्यांना परके करतात. दौऱ्याहून परतलेल्या माणसाने उंबरठ्यावर पादत्राणांबरोबर हेडफोनही उतरवावेत. आणि वाटेत जे गाणे मनाला भावले, ते घरच्यांसोबत पुन्हा एकवार ऐकावे. दुसऱ्या हेडफोनाची ती जागा त्यासाठीच तर होती.