घराचा विमा: हप्ता कशावर ठरतो, तुलना कशी करायची?

२२ जुलै २०२१ रोजी वाशिष्ठीचं पाणी चिपळुणात शिरलं. ते ओसरल्यावर अनेक घरांच्या भिंती जागेवर होत्या, पण फ्रीज, कपाटं, गाद्या, धान्य सगळं चिखलात गेलं होतं. गाडीचा विमा कायद्यानं सक्तीचा आहे, घराचा नाही. त्यामुळे स्कूटरचा विमा न चुकता भरणारी माणसं आयुष्यभराच्या कमाईतून घेतलेल्या घराचा विमा काढायच्या भानगडीत पडत नाहीत. 'हप्ता परवडणार नाही' हे त्यांचं नेहमीचं कारण. हिशेब बहुतेकदा चुकतो तो इथेच.

समजा, ठाण्यात ६५० चौरस फूट चटई क्षेत्राचा फ्लॅट १ कोटीला घेतला. या किमतीत जमिनीचा भाव आहे, वस्तीचा आहे, स्टेशन जवळ असल्याचाही आहे. पण आग लागली तर जमीन जळत नाही. विमा उतरतो तो घर पुन्हा बांधायच्या खर्चाचा. हा खर्च चौरस फुटाला ३,००० रुपये धरला, तर विमा रक्कम होते साडेएकोणीस लाख. जो १ कोटीचा विमा काढेल तो पाचपट रकमेवर हप्ता भरेल, भरपाई मात्र बांधकामाच्या खर्चाइतकीच मिळेल.

या रकमेवर कंपनी दर हजारी काही दर लावते. आग विम्याचे दर १ जानेवारी २००७ पासून खुले झाले, म्हणून एकाच घराला दोन कंपन्या वेगळा हप्ता सांगू शकतात. घर नदीकाठी आहे की टेकडीवर, भूकंपाचा धोका किती, बांधकाम आरसीसी आहे की लाकूड-गवताचं, इमारत किती जुनी, हे सगळं त्यात येतं. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस पडला होता. असा एखादा दिवस कंपन्यांना फार महाग पडतो. म्हणून त्या स्वतःच्या जोखमीचा काही भाग पुनर्विमा कंपन्यांकडे सोपवतात. मोठ्या आपत्तींनंतर पुनर्विमा महागला की त्याची झळ हप्त्यालाही लागते.

ग्राहकाच्या सोयीची गोष्ट अशी, की १ एप्रिल २०२१ पासून विमा नियामकानं 'भारत गृह रक्षा' ही प्रमाणित पॉलिसी सगळ्या सर्वसाधारण विमा कंपन्यांना बंधनकारक केली. आग, वीज, भूकंप, पूर, वादळ, दरड, दंगल यांपासूनचं संरक्षण मूळ पॉलिसीतच आहे. इमारतीच्या विमा रकमेच्या २० टक्के, पण १० लाखांपर्यंत, सामानाचा विमा आपोआप मिळतो. वरच्या फ्लॅटला तो ३ लाख ९० हजारांचा होईल. पॉलिसी १० वर्षांपर्यंत काढता येते.

चोरीचं मात्र नीट वाचून घ्यावं. मूळ पॉलिसीत आग-पुरासारख्या घटनेनंतर ७ दिवसांत, त्या घटनेमुळे झालेली चोरीच धरली जाते. एरवीच्या घरफोडीसाठी वेगळं संरक्षण घ्यावं लागतं. दागिन्यांची किंमतही आधी ठरवून वेगळी नोंदवावी लागते.

मूळ मजकूर सगळीकडे सारखा असल्यानं तुलना सोपी झाली आहे. सगळ्या कंपन्यांना क्षेत्रफळ, विमा रक्कम आणि मुदत एकच सांगायची आणि जीएसटी धरून हप्ता विचारायचा. जादा संरक्षणाचे पैसे वेगळे मांडून घ्यायचे. त्यानंतर सर्व्हेअर किती दिवसांत येतो, क्लेमसाठी कोणते कागद लागतात, हे विचारायचं. शंभर-दोनशे रुपयांच्या फरकापेक्षा ही उत्तरं मोलाची. हप्ता कमी व्हावा म्हणून क्षेत्रफळ कमी सांगू नये. क्लेमच्या वेळी ते अंगाशी येतं.

गृहकर्ज घेताना बँक गळ्यात घालते तो विमा कित्येकदा कर्जदाराच्या आयुष्याचा असतो. कर्जदार दगावल्यास त्यातून कर्ज फिटतं, घर पडल्यास काही मिळत नाही. पॉलिसीवर नेमकं काय लिहिलंय ते पाहावं. सोसायटीत राहणाऱ्यांनी सेक्रेटरीकडून इमारतीच्या विम्याची प्रतही मागावी. आदर्श उपविधींनुसार सोसायटीला आग आणि भूकंपाचा विमा काढावाच लागतो. त्यात पूर आहे का आणि रक्कम पुरेशी आहे का, हे तपासलं की स्वतःला किती विमा लागेल ते कळतं.

सामानाचे फोटो आणि बिलं घराबाहेर, मेलवर किंवा नातेवाइकांकडे जपून ठेवावीत. क्लेम नाकारला गेला तर आधी कंपनीकडे लेखी तक्रार करावी. तिथे दाद लागली नाही, तर आपल्या भागाच्या विमा लोकपालांकडे विनाशुल्क जाता येतं.