गोळी सरळ रेषेत जात नाही

2024च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये कोल्हापूर जिल्ह्यातल्या स्वप्नील कुसाळे याने 50 मीटर रायफल थ्री पोझिशन्समध्ये कांस्यपदक मिळवले. या प्रकारात दहा गुणांचे वर्तुळ जेमतेम 10.4 मिलिमीटर व्यासाचे असते. नळीतून सुटताच गुरुत्वाकर्षण गोळीला खाली खेचू लागते. 50 मीटरपर्यंत ती सुमारे 12 सेंटिमीटर खाली येते. म्हणून रायफलची साइट, म्हणजे नेम धरण्याचे साधन, अशी जुळवतात, की नेम सरळ धरला तरी नळी किंचित वर रोखलेली राहते. अंतर बदलले की जुळणीही बदलते.

नळी निवडताना लांबीपेक्षा गोळ्या एकाच जागी लागण्याचे सातत्य पाहावे. जाड नळी कमी थरथरते. प्रत्येक नळीला वेगवेगळ्या लॉटच्या, म्हणजे उत्पादनाच्या खेपेच्या, गोळ्या मानवतात, म्हणून निरनिराळे लॉट झाडून तुलना करावी. आधी गोळ्या एका जागी पडू द्या, मगच साइट फिरवा.