नारळी पौर्णिमा : लाट जाते, जळ राहते
आमचे कुरकुंभ फिरंगाईचे. येथून सागर दूर. तथापि आज कोकणचे कोळी बांधव दर्याला श्रीफळ अर्पितात, तेव्हा लाटेचे स्वरूप जाणून घेणे उचित होय.

वारा जळाला घासतो, लाट जन्मते. वाऱ्याचा वेग, काळ व विस्तार जितका अधिक, तितकी ती थोर. दक्षिण महासागरातील वादळाची लाट हजारो किलोमीटर चालून कोकणास भिडते. जळ मात्र जवळजवळ जागीच वर्तुळ घेते. उथळ किनाऱ्यास पायथा अडखळतो, माथा कोसळतो, फेस उरतो.

श्रावणी पौर्णिमेच्या सुमारास नैर्ऋत्येचा वारा मंदावू लागतो, दर्याही निवतो. मगच होड्या लोटाव्यात, हा वडिलांचा दंडक. श्रीफळ ही केवळ पूजा नव्हे. ती प्राणरक्षणाची मर्यादाही आहे.