पापणीची शस्त्रक्रिया : अपेक्षा व मर्यादा

पन्नाशी उलटली म्हणजे वरच्या पापणीची कातडी सैल पडून कित्येकांच्या डोळ्यांवर झुकू लागते. सुरतेच्या कापडबाजारात वरच्या फळीवरील ताका पाहण्यास ज्यास हनुवटी उचलावी लागते, अथवा भुवया ताणून ताणून संध्याकाळी ज्याचे कपाळ दुखते, त्याच्यापुरता हा केवळ रूपाचा प्रश्न राहत नाही. निव्वळ रूपासाठी ही शस्त्रक्रिया करविणारेही आहेत. त्यांस आम्ही दोष देत नाही. मात्र पापणी एकाएकी पडली, किंवा एका वस्तूच्या दोन दिसू लागल्या, तर ते वार्धक्य न समजता त्याच दिवशी डॉक्टर गाठावा.

हे शस्त्रकर्म आपणांकडे नवे नाही. सुश्रुतसंहितेच्या उत्तरतंत्रात, पापणीचे केस आत वळून बुबुळास टोचतात त्या पक्ष्मकोपावर उपाय दिला आहे. भुवईखालचे दोन भाग व केसांलगतचा एक भाग राखून मधली कातडी जवाच्या आकाराने कापावी व केसाने शिवावी, असे तेथे सांगितले आहे. धान्याच्या व्यापाऱ्यास जवाचा आकार समजावून द्यावयास नको : मध्ये फुगीर, दोन्ही टोकांस निमुळता. आजचा सर्जनही वरच्या पापणीची कातडी जवळजवळ याच आकाराने काढतो. (खुपरीमुळे केस आत वळलेले रुग्ण गुजरातेत पूर्वी पुष्कळ असत. सार्वजनिक आरोग्याचा प्रश्न म्हणून भारतातून खुपरी हटल्याचे जागतिक आरोग्य संघटनेने २०२४ साली मान्य केले.)

किती राखावे हे सुश्रुताने आधी सांगितले, यात मोठे मर्म आहे. भुवईपासून केसांच्या कडेपर्यंत सुमारे २० मिलिमीटर कातडी उरावी, असा आजचा सर्वसाधारण दंडक आहे. ती फार कमी उरल्यास डोळा पुरता मिटत नाही व बुबुळ कोरडे पडते. थोडी कमी निघाली तर पुढे काढता येते. जास्त निघालेली भरून काढणे फार कठीण. यास्तव ‘आणखी थोडी काढा’ असा आग्रह रुग्णाने धरू नये.

शस्त्रक्रिया बहुधा जागा बधिर करून होते व रुग्ण त्याच दिवशी घरी येतो. सूज व काळेनिळेपणा एक ते दोन आठवडे राहतो; टाके आठवड्याच्या सुमारास निघतात; व्रण घडीत लपतो, परंतु फिका पडण्यास काही महिने लागतात. घरच्या लग्नाच्या तोंडावर हे काम काढू नये. डोळ्यांखालची काळी वर्तुळे व कडेच्या सुरकुत्या याने जात नाहीत. रक्त पातळ करणारी गोळी चालू असल्यास आधी सांगावी, परस्पर बंद करू नये. क्वचित डोळ्यामागे रक्तस्राव होतो. तीव्र वेदना होऊन दृष्टी मंदावली तर मध्यरात्र असली तरी रुग्णालय गाठावे.

चौविहार पाळणाऱ्यांनी गोळ्यांच्या वेळा दिवसाउजेडी बसवून घ्याव्यात. पर्युषणात अठ्ठाई करावयाची असेल तर शस्त्रक्रिया चातुर्मासानंतर ठेवावी. वाकून वंदना करणे व गोण उचलणे, दोन्ही डॉक्टर सांगेपर्यंत वर्ज्य. केवळ रूपासाठी केलेल्या शस्त्रक्रियेचा खर्च मेडिक्लेम सहसा देत नाही. पापणीमुळे दृष्टी अडत असल्यास नेत्रतज्ज्ञाकडून दृष्टिक्षेत्राची तपासणी करवून तो कागद आधीच विमा कंपनीस दाखवावा.