ऊस, कांदा आणि सरकारचा शब्द

जुन्नर-आंबेगावच्या कालव्याखालचा शेतकरी ऊसच का लावतो, या प्रश्नाला शहरातून मिळणारं उत्तर बहुधा दोष देणारं असतं: पाण्याची पर्वा नाही, कष्ट नकोत, पुढचं दिसत नाही. हे उत्तर मला अन्यायाचं वाटतं. माणूस किती वर्षांपुढचा हिशेब मांडतो, हे त्याच्या स्वभावापेक्षा त्याच्यावर चालणाऱ्या राज्यव्यवस्थेवर अधिक ठरतं. राज्य एका माणसाचं आहे की निवडून आलेल्यांचं, याला महत्त्व आहेच. पण राज्यकर्ता स्वतःच केलेल्या नियमाला किती बांधलेला आहे, हे मला त्याहून निर्णायक वाटतं, आणि या मुलखाचा गेल्या चारशे वर्षांचा इतिहास तेच सांगतो.

सतराव्या शतकाच्या आरंभी जुन्नर काही काळ निजामशाहीची राजधानी होतं. वजीर मलिक अंबरने महसुलाची मक्तेदारी मोडली, प्रत्यक्ष लागवड आणि पीक पाहून सारा ठरवला आणि वसुलीची जबाबदारी गावावर टाकली. आपल्याकडून किती जाणार हे आधी कळलं की पडीक जमीन फोडण्यात अर्थ उरतो. पण ही शिस्त एका कर्तबगार माणसाच्या बळावर उभी होती. तो १६२६ मध्ये वारला, १६३० पासून दुष्काळ आणि लढायांनी मुलूख उजाड झाला, आणि १६३६ मध्ये निजामशाहीच संपली. पुढे दुसऱ्या बाजीरावाच्या काळात मामलती जास्तीत जास्त रक्कम कबूल करणाऱ्याला इजाऱ्याने मिळू लागल्या. इजारदाराची मुदत थोडी आणि तीही भरवशाची नाही. तेवढ्यात भरलेली रक्कम वसूल करायची, मग रयतेच्या विहिरीचं किंवा बैलांचं काय होईल याच्याशी त्याला कर्तव्य नव्हतं. अशा व्यवस्थेत शेतकऱ्याने जमिनीत पैसा घालणं म्हणजे तो इजारदाराच्या नजरेस आणून देणं होतं.

इंग्रजांनी आधी प्रिंगलच्या पाहणीने पुणे जिल्ह्यात न पेलणारा सारा बसवला आणि शेतं ओस पडलेली पाहिली. मग १८३६ मध्ये गोल्डस्मिड आणि विंगेट यांनी इंदापूरपासून तीस वर्षांसाठी दर कायम करण्याची पद्धत सुरू केली; ती हळूहळू जिल्हाभर पसरली. मुदतीत विहीर खोदली म्हणून सारा वाढणार नव्हता. मग १८७५ मध्ये सुप्यात शेतकऱ्यांनी सावकारांच्या वह्या का जाळल्या, असं कोणी विचारील. अमेरिकेतलं यादवी युद्ध संपल्यावर कापसाचे भाव कोसळले होते, कर्जाचा कायदा सावकाराच्या बाजूचा होता, आणि तीस वर्षं सरताच फेरपाहणीत सारा भरमसाट वाढवला गेला. तो वाढवताना रयतेला विचारणारं कोणी नव्हतं. पुण्याच्या सार्वजनिक सभेने आवाज उठवला, पण सरकारवर ऐकण्याचं बंधन नव्हतं. दिलेला शब्द तीस वर्षं टिकला. नंतरचा शब्द ठरवण्यात मात्र शेतकऱ्याला वाटा नव्हता. दोन्ही गोष्टी लागतात.

आता आजचा ऊस पाहा. विघ्नहर आणि भीमाशंकर हे सहकारी कारखाने जवळ आहेत, उसाचा किमान दर केंद्र सरकार गाळप हंगामाआधी जाहीर करतं, आणि ऊस पोचल्यापासून चौदा दिवसांत पैसे द्यावेत असा १९६६ पासूनचा नियम आहे. तो दर वेळी पाळला जात नाही, पण त्यावर बोट ठेवून भांडता तरी येतं. म्हणून लागण करणारा माणूस खोडव्यापर्यंतचा हिशेब मांडू शकतो. कांद्याचं काय झालं? ऑगस्ट २०२३ मध्ये निर्यातीवर ४० टक्के शुल्क आलं, ऑक्टोबरमध्ये टनाला ८०० डॉलरचं किमान निर्यातमूल्य, डिसेंबरमध्ये थेट बंदी. ती ३१ मार्चला संपणार होती, ती पुढे लांबवली. ४ मे २०२४ ला अटींसह उठवली, सप्टेंबरमध्ये शुल्क निम्मं केलं, आणि १ एप्रिल २०२५ पासून काढून टाकलं. डिसेंबरात रोपं लावून, एप्रिलमध्ये काढून, पावसाळाभर बराखीत कांदा राखणाऱ्याने यातल्या कुठल्या नियमावर भरवसा ठेवायचा होता? उसाकडे वळणारा शेतकरी पाणी विसरलेला नसतो. सरकारने ज्या पिकाला शब्द दिला, ते पीक तो निवडतो. भूजलाचा विचार त्याने करावा असं वाटत असेल, तर कमी पाण्याच्या पिकांनाही तसाच शब्द द्यावा लागेल.

शहरातल्या गरीब घरालाही कांदा परवडला पाहिजे, हा आक्षेप खरा आहे आणि तो झटकून टाकता येणार नाही. पण त्यासाठी साठा, थेट खरेदी, आधी जाहीर केलेले भावाचे टप्पे असे मार्ग आहेत. ज्यांचा कांदा शेतात उभा आहे त्यांच्यावर रात्रीतून बंदी घालणं हा त्यातला सर्वांत वाईट. दुसरा आक्षेप असा की निवडणुका आल्या की सरकार आखूड पाहणारच, त्यापेक्षा खंबीर सत्ता बरी. मे २०२४ मध्ये बंदी उठली ती शिरूर मतदारसंघाच्या मतदानाच्या नऊ दिवस आधी, हे कबूल. पण त्याचाच दुसरा अर्थ असा की चुकलेलं धोरण मागे घ्यायला लावण्याची वाट शेतकऱ्याकडे होती. बाजीरावाच्या रयतेकडे गाव सोडून जाण्यापलीकडे फारसं काही नव्हतं.

शिवाय खंबीर सत्तेचा लांबचा विचार नेमका कोणासाठी, हेही पाहावं लागतं. इथल्या उसाला पाणी देणारा कुकडी प्रकल्प ही सरकारची अनेक दशकांची योजना. त्यातल्या डिंभे धरणाखाली मूळचं आंबेगाव बुडालं. तालुक्याला नाव त्याचं राहिलं, कचेरी घोडेगावात. ज्या महादेव कोळी कुटुंबांच्या जमिनी गेल्या, त्यांच्या पुढच्या पिढ्यांचा हिशेब त्या योजनेत फार उशिरा आला. पुढे या आदिवासींनी सहकारी संस्था काढली आणि झगडून जलाशयातल्या मासेमारीचा हक्क मिळवला. मत्स्यबीज सोडून मासा वाढेपर्यंत थांबायचं, तर उद्या हे पाणी ठेक्याने दुसऱ्याच्या हाती जाणार नाही एवढी खात्री लागते. ती सरकारच्या मर्जीवर न ठेवता कागदावर, पुरेशा मुदतीची मिळावी, एवढं त्यांचं मागणं रास्तच ठरतं.