विश्लेषण : रुळांप्रमाणे चाके सरकवणारी रेल्वे कुर्डुवाडीत चालली असती का?

एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून निघालेली पाण्याची रेल्वे पंढरपूर, कुर्डुवाडीमार्गे थेट लातूरला पोहोचली. हा अख्खा मार्ग पूर्वी ‘बार्शी लाइट’चा, म्हणजे ७६२ मिलिमीटर नॅरोगेजचा. मुंबई-सोलापूर ब्रॉडगेजच्या रुळांमधले अंतर मात्र १,६७६ मिलिमीटर. त्यामुळे कुर्डुवाडीला माल एका गाडीतून उतरवून दुसरीत भरावा लागे. वारकरीही बोचकी उचलून गाडी बदलत.

मग गाडीची चाकेच आत-बाहेर सरकली असती तर?

स्पेनमध्ये हे १९६९ पासून होते आहे. ‘टाल्गो’च्या डब्यांत डाव्या-उजव्या चाकांना जोडणारा आस नसतो; प्रत्येक चाक सुटे. गेज बदलण्याच्या जागी गाडी अगदी हळू चालते. डब्याचा भार बाजूच्या आधारपट्ट्यांवर जातो, चाके मोकळी होतात आणि त्यांचे कुलूप उघडते. तिरक्या मार्गदर्शक पट्ट्या चाकांना नव्या अंतरावर ढकलतात, कुलूप पुन्हा बसते. प्रवासी जागचा हलत नाही. स्वित्झर्लंडमध्ये तर २०२२ पासून गेजबरोबर डब्याची उंचीही बदलते.

पण स्पेनमधला फरक २३३ मिलिमीटरचा, स्वित्झर्लंडचा ४३५. कुर्डुवाडीचा तब्बल ९१४! आणि चाके सरकवली तरी खरी अडचण वजनाची होती.

बार्शी लाइट १८९७ मध्ये सुरू करणारे अभियंते एव्हरार्ड कॅल्थ्रॉप यांनी प्रत्येक आसावर पाच टनांचीच मर्यादा ठेवली होती. हलके रूळ, कमी खर्च. त्या काळासाठी हुशारीचा हिशेब. (याच कॅल्थ्रॉप यांनी पुढे इंग्लंडमध्ये मोठ्या वाघिणी नॅरोगेजच्या गाड्यांवर चढवून नेल्या. गाडीवर गाडी!)

आता लातूरची पाणीगाडी पाहा. एका वाघिणीत सुमारे ५० हजार लिटर, म्हणजे ५० टन पाणी. चार आसांवर वाटले तरी प्रत्येकी साडेबारा टन. वाघिणीचे वजन वेगळेच. चाके कितीही आत घेतली असती तरी त्या रुळांनी हा भार पेलला नसता.

म्हणून भारताने १९९२ पासून चाकांऐवजी रूळच बदलायचे ठरवले. खर्चिक काम, आणि त्यासाठी गाड्याही दीर्घकाळ बंद राहिल्या. कुर्डुवाडी-लातूर मार्ग २००८ पर्यंत ब्रॉडगेज झाला, पंढरपूर-मिरज २०११ पर्यंत. दुष्काळ त्यानंतर पाचच वर्षांनी आला.