शब्दसाहचर्य आणि काव्यार्थ

एक शब्द कानी पडताच दुसरा मनात का उमटतो, हा प्रश्न मूलतः मानसशास्त्राचा. परंतु काव्यार्थाचा बराचसा भाग त्यावर अवलंबून असल्याने साहित्याच्या अभ्यासकालाही तो टाळता येत नाही.

फ्रान्सिस गाल्टन यांनी १८७९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात ७५ शब्दांची यादी स्वतःवरच चार वेळा योजून पाहिली. मनात येणाऱ्या कल्पनांच्या वैविध्यापेक्षा त्यांची पुनरावृत्तीच त्यांना अधिक जाणवली. त्यांपैकी अनेक कल्पना बालपण व तारुण्य यांतील अनुभवांशी निगडित होत्या. केंट व रोझानॉफ यांनी १९१० मध्ये १०० शब्द १००० व्यक्तींपुढे ठेवले, तेव्हा ‘टेबल’ या शब्दाला ‘खुर्ची’ हा प्रतिसाद सर्वाधिक वेळा मिळाला. साहचर्याला वैयक्तिक व सामूहिक अशी दोन अंगे असतात, हे यावरून स्पष्ट व्हावे.

साहचर्य जुळण्याच्या वाटाही अनेक आहेत. रूप, अर्थ आणि ध्वनी या तिन्ही अंगांनी शब्द परस्परांशी बांधले जातात, हे सोस्यूर यांच्या १९१६ मध्ये प्रकाशित झालेल्या व्याख्यानांत दाखविले आहे. मराठीतील ‘मरण’ हा शब्द घेतल्यास रूपाने ‘मरणे’, अर्थाने ‘मृत्यू’, तर ध्वनीने ‘स्मरण’ जवळ येतो. ‘सरण’ मात्र अर्थ आणि ध्वनी अशा दोन्ही वाटांनी येतो. यमकात तो केवळ नाद राहत नाही, याचे कारण हेच. कॉलिन्स व लॉफ्टस यांच्या १९७५ च्या उपपत्तीनुसार एक संकल्पना जागी झाली की ती जागृती निगडित संकल्पनांकडे पसरते व अंतरागणिक क्षीण होत जाते.

परंतु जागे झालेले सारेच काव्यार्थ ठरते काय? आय. ए. रिचर्ड्स यांनी १९२९ मध्ये वाचकाच्या खाजगी आठवणींचा कवितेवर होणारा आरोप हा आस्वादातील एक अडसर मानला. याचे नियमन कसे होते, याचा विचार भर्तृहरीने पूर्वीच केला होता. अनेकार्थी शब्दाचा अर्थ निश्चित करणाऱ्या घटकांत त्याने साहचर्य व विरोध यांची गणना केली. ‘राम-लक्ष्मण’ यातील राम दाशरथी. ‘राम-अर्जुन’ यातील राम मात्र विरोधामुळे परशुराम, आणि अर्जुनही कार्तवीर्य ठरतो.

तात्पर्य, मन साहचर्ये पुरविते आणि संदर्भ त्यांतून निवड करतो. वाचकाची आठवण कितीही उत्कट असली, तरी संहितेतील शेजारशब्द तिला दुजोरा देतात का, हे पाहणे हेच समीक्षकाचे काम होय.